तिन्हींपैकी कुठलं घ्यावं

१ सप्टेंबर, सोमवार

ही वही बायकोने आणून दिली. ती शाळेच्या ग्रंथालयात कामाला आहे, तिथे अशा रेघांच्या वह्या पडून असतात. म्हणाली, "रोज माझ्यापुढे कटकट करण्यापेक्षा यात लिहा. महिन्याच्या शेवटी काय ठरलं ते निदान कळेल तरी." तर हे लिहितो आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: महिनाअखेर निकाल.

प्रश्न साधा आहे. मी विकाऊ घरांचे फोटो काढतो. रिकाम्या खोलीचा फोटो काढायला गेलं की एकच डोकेदुखी असते, खिडकी. खोली नीट दिसेल असा फोटो काढावा तर खिडकीच्या जागी नुसता पांढरा चौकोन. खिडकीबाहेरचं झाड दिसेल असा काढावा तर खोलीत अमावस्या. म्हणून कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवायचा, न हलवता तीन फोटो घ्यायचे, एक खिडकीसाठी, एक खोलीसाठी, एक अंधाऱ्या कोपऱ्यांसाठी, आणि तिन्ही कॉम्प्युटरवर एकात एक मिसळायचे. याला एचडीआर म्हणतात. माझं त्यासाठीचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. आठ वर्षं सोबत केली आणि आता ओळखसुद्धा देत नाही.

एजंटबाईंनी चोवीस फ्लॅटच्या नव्या इमारतीचं काम दिलंय. "काका, हे मस्त झालं ना, की पुढची सगळी घरं तुमचीच," म्हणाल्या. नाही झालं तर काय ते त्या बोलल्या नाहीत, पण त्यांच्याकडे फोनवर फोटो काढणारा एक जण येऊन जाऊन असतो. मी अठ्ठावन्न वर्षांचा. स्टुडिओ बंद होऊन चार वर्षं झाली. मला फोटो काढण्याशिवाय दुसरं काही येत नाही, आणि आता नव्याने काही शिकवणार तरी कोण.

तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली. तिन्ही तीस दिवस फुकट वापरता येतात. तीस दिवसांत एक निवडायचं.

२ सप्टेंबर, मंगळवार

आमच्याच बाहेरच्या खोलीचे तीन फोटो घेतले आणि तिन्हींना खायला घातले. बायकोने चहा पिता पिता त्यांचं बारसं करून टाकलं.

पहिलं ते नटवं. साध्या भिंतीलाही पावडर-लाली केल्याशिवाय सोडत नाही. दुसरं मास्तर. चाळीस बटणं, आणि प्रत्येक बटणाला विचारतं, तुम्हाला नक्की खात्री आहे का. तिसरं घुमं. सगळं आपल्या मनानं करतं आणि काय केलं ते सांगत नाही.

नटव्यात एक दोष लगेच सापडला. खिडकीचा मधला गज किंचित वाकतो. अगदी थोडासा, पाण्यात काठी धरल्यावर दिसते तसा. बायकोला दाखवला. ती म्हणाली, सरळच तर आहे. तिला फोटोतलं काय कळतंय. लग्नापासून मी काढलेल्या प्रत्येक फोटोला ती "छान" म्हणत आलीय.

४ सप्टेंबर, गुरुवार

गज मास्तरमध्येही वाकतो. घुम्यातही. म्हणजे तिघांनी एकाच शाळेत कॉपी केलीय.

गंमत अशी की ज्या गजाकडे बघावं तोच वाकतो. बाजूचे दोन शिस्तीत उभे असतात. त्यांच्याकडे बघायला जावं तर ते वाकतात आणि पहिला सरळ होतो. मी अर्धा तास हा खेळ खेळत बसलो आणि शेवटी कपाळावर हात मारून उठलो.

७ सप्टेंबर, रविवार

आता डागही. मिसळलेल्या फोटोच्या मध्यभागी एक मळकट, करड्या रंगाचा ठिपका. जणू कुणी ओलं बोट टेकवलंय. लेन्स पुसली. आतली काच फुंकणीने साफ केली. परत फोटो घेतले. डाग आहे तिथेच.

तिन्ही कंपन्यांना पत्रं पाठवली, फोटो जोडले. जरा कडकच लिहिलं. फुकट देता म्हणून काय डाग पाडून द्यायचे का, असं लिहून मग ते वाक्य खोडलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज मास्तर शहाण्यासारखं वागलं. झालं असं की तोंड धुताना उजव्या डोळ्यात साबण गेला. ओला रुमाल त्यावर दाबून कॉम्प्युटरपुढे बसलो, काम तर थांबवता येत नाही. माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्याने सगळं धुरकट दिसतं, अक्षरं लागत नाहीत. कधी तक्रार केली नाही त्याची. कॅमेऱ्यात बघताना डावा डोळा बंदच करायचा असतो, तेव्हा देवाने माझी आयतीच सोय करून पाठवलंय असं मी सगळ्यांना सांगतो.

तर त्या धुरकट डोळ्याने बघितलं, गज सरळ होता. डागही नव्हता. रुमाल काढला, डोळे नीट पुसले, परत बघितलं, तर पुन्हा वाकडा. म्हणजे मास्तर आधी नीट मिसळतं आणि नंतर मागून काहीतरी बिघडवतं. हे कंपनीला कळवलं पाहिजे.

१० सप्टेंबर, बुधवार

मास्तरच्या कंपनीतून उत्तर आलं. फार सभ्य माणूस. म्हणतो, आम्ही तुमचे फोटो चौघांनी पाहिले, आम्हाला डाग सापडत नाही आणि गजही सरळ दिसतो. कृपया दुसऱ्या पडद्यावर पाहून घ्याल का.

टीव्हीला जोडून पाहिलं. डाग आहे. म्हणजे पडद्याचा दोष नाही, हे तरी सिद्ध झालं. तसं त्याला उलट लिहिलं. चौघांना मिळून एक डाग दिसत नाही, अशा लोकांच्या हातात माझं काम जायचं आहे.

बायको म्हणते, "तुम्ही कोंबडीसारखी मान वाकडी करून वाचताय हल्ली. चष्मा तपासून घ्या." मी म्हटलं, अगं, या महिन्यात मान मोडली तरी वेळ नाही. तिने तरीही सोळा तारखेची वेळ घेऊन ठेवली. ऐकते कुठे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

एजंटबाईंना नमुन्याचे सहा फोटो पाठवले, नटव्यातून काढलेले. त्यांचा फोन आला. "काका, छान आहेत, पण रंग जरा भडक झालेत का? भिंत क्रीम कलरची आहे, यात पिवळीजर्द दिसतेय."

मी म्हटलं, नाही हो, मला तर अजून फिकीच वाटतेय. त्या हसल्या. "ठीक आहे काका, तुमचा अनुभव मोठा."

फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, हे कबूल करतो. अनुभव मोठा, असं बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

इमारतीत काम सुरू. आज सहा फ्लॅट. नव्या रंगाचा वास, फरशीवर प्लास्टर सांडलेलं, नळाला पाणी नाही. तिकाटणं लावायचं, पाण्याच्या बुडबुड्यावर पातळी बघायची, बटण दाबायचं, तीन फोटो, पुढची खोली. यात माझा हात कुणी धरणार नाही. डोळे मिटून करीन.

कॅमेऱ्यात बघायच्या छिद्राची काच मात्र धुरकट झालीय. चार वेळा पुसली.

जिन्यात एक माणूस समोर आला, माझ्याकडे बघत उभा राहिला. तुम्ही कोण, असं मी विचारलं. तो गुण्या होता. चौकटी बनवणारा माझा पंचवीस वर्षांचा दोस्त, खिशात कायम काटकोन बघायचा गुण्या घेऊन फिरतो म्हणून त्याला सगळे त्याच नावाने हाक मारतात. इमारतीत दारं बसवायला आलाय. "साल्या, ओळख विसरलास?" म्हणाला. मी म्हटलं, उजेड तुझ्या पाठीमागे होता. खरं म्हणजे उजेड त्याच्या तोंडावर होता. पण चेहऱ्याच्या जागी काही नीट लागेना, एवढं खरं. रोज आठ तास पडद्यापुढे बसून मेंदूचं भजं झालंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

चष्म्याची वेळ रद्द केली. आज आणखी सहा झाले, तरी अजून बारा फ्लॅट बाकी आहेत. बायको रात्री जेवताना म्हणाली, "महिना संपला की पहिल्या दिवशी मी स्वतः घेऊन जाणार." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं. सापडलं एकदाचं.

मास्तरच्या चाळीस बटणांत एक असं आहे की वाकलेली रेघ धरून ओढता येते. पतंगाची कामटी हाताने सरळ करावी तसं. गज धरायचा, हळूहळू उलट्या बाजूला ओढत राहायचं, सरळ झाला की सोडायचा. एकेका खिडकीला वीस मिनिटं लागतात, नाकी नऊ येतात, पण झाल्यावर असा सरळ गज दिसतो की बघत राहावं. डागावरही रंग वाढवून मात करता येते.

म्हणजे मास्तरच घ्यायचं. निकाल जवळजवळ ठरला. बायकोला म्हटलं, बघ, यंत्र कितीही शहाणं झालं तरी शेवटी माणसाची नजर लागते. ती म्हणाली, "भाजीत मीठ दोनदा घातलंत तुम्ही आज."

२३ सप्टेंबर, मंगळवार

चोवीस फ्लॅट, एकशे दहा फोटो, सगळ्या खिडक्या हाताने सरळ केल्या. संध्याकाळी एजंटबाईंना पाठवून दिले. पाठ धरलीय, पण इतकं जीव ओतून काम कित्येक वर्षांत केलं नव्हतं. ज्याला फोटोतलं कळतं त्याला कळेल.

एक सांगायचं राहिलं. ही वही स्वस्तातली आहे. मधोमध रेघा खाली झुकल्यात, छापतानाच सरकलेल्या दिसतात. मुलांना असल्या वह्या देतात आणि मग म्हणतात अक्षर सुधारा.

शिवाय हल्ली घरातल्या दाराची चौकटही वाकडी वाटते. सतत तेच बघून डोक्यात बसलंय. चार दिवस विश्रांती घेतली की जाईल.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी एजंटबाईंचा फोन. आवाज वेगळाच. "काका, खिडक्यांना काय केलंत?"

मी म्हटलं, सरळ केल्या.

"काका, एकूण एक खिडकी फुगलीय. पोट पुढे आल्यासारखी. बिल्डर म्हणतोय, लोकांना वाटेल इमारतच वाकडी बांधलीय. त्याने मला सगळ्यांसमोर विचारलं की हा फोटोग्राफर पिऊन बसतो का."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तुमच्या फोनवर बघू नका, मोठ्या पडद्यावर बघा. त्या म्हणाल्या, मोठ्या पडद्यावरच बघितलं, सगळ्यांनी. मग म्हणाल्या, "तुम्ही दमलात काका. मी दुसऱ्याकडून करून घेते. वाईट नका वाटून घेऊ."

मी वाईट वाटून घेतलं नाही. मी संतापलो. दिवसभर घरात वस्तू आपटत फिरलो. बायको शाळेतून आल्यावर तिला फोटो दाखवले आणि म्हटलं, तू सांग, सरळ आहे की नाही. ती बराच वेळ बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने छान म्हटलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

मी फोटो छापून गुण्याच्या दुकानात घेऊन गेलो. म्हटलं, तू चौकटीवाला, तुझं पोट सरळ रेघेवर. तू न्याय कर.

त्याने कानामागची पेन्सिल काढली, चष्मा नाकावर घेतला, फोटो टेबलावर पसरला. "फुगलीय रे."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. थांब." त्याने खिशातून गुण्या काढला. स्टीलचा, तीस वर्षं जुना, ज्याच्या शपथेवर तो दारं बसवतो. गजावर टेकवला. "हे बघ. मध्ये केवढी फट राहते. करंगळी जाईल. आता तू बघ."

मी वाकून बघितलं. गज सरळ होता. गुण्या वाकडा होता.

मी म्हटलं, तुझा गुण्या वाकलाय.

तो हसला. मी हसलो नाही, म्हणून मग तोही थांबला. त्याने गुण्या माझ्या हातात दिला. मी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अंगठ्याला तो सरळ लागत होता. डोळ्याला वाकडा दिसत होता. मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. धुरकट झाला, पण सरळ झाला. हात काढला, वाकला. ठेवला, सरळ. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक.

"काय करतोयस?" गुण्याने विचारलं.

मला भीती वाटत होती. हे इथे लिहून ठेवतो, कारण त्याला सांगितलं नाही. त्याने दुकान बंद केलं आणि मला हाताला धरून घरापर्यंत सोडलं. रस्ता मला पाठ आहे, तरी मी हात सोडवून घेतला नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीन तास. थेंब घातले, प्रकाश मारला, हाताच्या शिरेतून पिवळं औषध सोडून फोटो काढले. माझ्या डोळ्याच्या आतले फोटो. पडद्यावर त्यांनी दाखवले, मला काही दिसलं नाही, बायकोने बघितले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्याच्या मध्यभागी रक्त झिरपलं. आधी सरळ रेघा वाकतात, मग डाग येतो, रंग फिके पडतात. वेळेवर सुई दिली तर थांबतं, पुष्कळदा सुधारतंही. नाही दिली तर तिथे व्रण धरतो. व्रण धरल्यावर काही करता येत नाही.

"कधीपासून दिसतंय असं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, झाले असतील थोडे दिवस.

बायकोने पिशवीतून ही वही काढली. मला माहीतसुद्धा नव्हतं तिने बरोबर घेतलीय ते. तिने वाचायला सुरुवात केली. शाळेत मुलांना वाचून दाखवते तसं, सावकाश, स्पष्ट. दोन सप्टेंबर, मधला गज किंचित वाकतो. चार सप्टेंबर, ज्या गजाकडे बघावं तोच वाकतो. सात सप्टेंबर, डाग. नऊ तारखेच्या साबणापर्यंत आली आणि तिथेच थांबली. डॉक्टरांनी हात पुढे करून वही घेतली आणि पुढचं मनात वाचलं. पानं उलटल्याचा तेवढा आवाज येत होता.

"इतकी नीट नोंद मला कुठल्याच पेशंटने दिली नव्हती," ते म्हणाले. मग विचारलं, "सोळा तारखेची वेळ का रद्द केलीत?"

मी म्हटलं, बारा फ्लॅट बाकी होते.

सुया देऊन बघू म्हणाले, आहे तेवढं टिकवायला. मधलं परत येणार नाही. डावा डोळा मुळात शिकलाच नाही, तो आता या वयात शिकणार नाही. घरात वावरता येईल, पाणी ओतून घेता येईल. वाचता येणार नाही. चेहरे ओळखता येणार नाहीत. कामाचं मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

रिक्षात बायको म्हणाली, "मी छान म्हणायला नको होतं." मी म्हटलं, तू सरळ म्हणाली होतीस, आणि ते सरळच होतं. तिचा चेहरा बघायला मी तिच्याकडे वळलो. कान दिसला, केस दिसले, खांदा दिसला.

१ ऑक्टोबर, बुधवार

तीस दिवस संपले. तिन्ही सॉफ्टवेअरनी एकाच वेळी पाटी लावली. बायकोने वाचून दाखवली: आपली मुदत संपली आहे, पुढे चालू ठेवायचं असल्यास विकत घ्यावे.

"काढून टाकू का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. आधी नटवं गेलं, मग घुमं. मास्तरने सवयीप्रमाणे विचारलं, तुम्हाला नक्की खात्री आहे का. तिने बटण दाबलं.

एजंटबाई येऊन गेल्या. कुणाकडून तरी कळलं असणार. काका, काही लागलं तर सांगा, म्हणाल्या. फोनवाल्याने इमारतीचे फोटो दिले म्हणे, बरे आले आहेत. जाताना रडत होत्या असं बायको म्हणते.

हे मी अंदाजाने लिहितोय. बायको म्हणते ओळी एकमेकींवर चढल्यात, राहू द्या आता. पण पहिल्या पानावर महिनाअखेर निकाल असं लिहून ठेवलंय. एक दिवस उशीर झालाच आहे, आणखी नको. मी महिनाभर तिघांचेही पुष्कळ वाभाडे काढले, त्या सभ्य माणसाला नाही नाही ते लिहिलं, तेव्हा खरं काय ते नोंदवून ठेवणं भाग आहे.

निकाल: तिन्ही चांगली आहेत. कुठल्यातही दोष नाही. कुठलंही घ्या.